फसाडची सुरुवात कोपऱ्यापासून कर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाचा स्टुडिओ. पुण्यात चार मजली सार्वजनिक वाचनालय, लांब बाजू पश्चिमेला, रस्त्याकडे. तू ग्रासहॉपरमध्ये (राइनो या मॉडेलिंग सॉफ्टवेअरचा भाग) व्होरोनॉय जाळी, म्हणजे वेगवेगळ्या आकारांच्या बहुकोनी छिद्रांची जाळी, तयार केलीस, 4 मिमी एसीपी शीट (दोन पातळ ॲल्युमिनियम पत्रे आणि मध्ये गाभा) कापून ती काचेपुढे लावायची असं ठरवलंस. तीनशेच्या आसपास पॅनेल झाली आणि एकही दुसऱ्यासारखं नाही. गाईडनी बघून सांगितलं, "हा पॅटर्न झाला, सिस्टिम कुठे आहे?" आता तीन आठवडे उरलेत, 1:20 चं मॉडेल द्यायचंय, आणि सिस्टिम म्हणजे नेमकं काय हेच कळत नाहीये.

मी वीसेक वर्षं फसाडचंच, म्हणजे इमारतीच्या दर्शनी बाजूंचंच, काम करते. अर्धा वेळ ड्रॉइंगवर, अर्धा वेळ साइटवर. तुझ्या गाईडचं म्हणणं मला पटतं, पण नुसतं तेवढं ऐकून विद्यार्थ्याला पुढे काय करायचं ते सुचत नाही, हेही मला माहीत आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

भिंतीच्या मधोमध कुठलाही पॅटर्न छानच दिसतो. खरे प्रश्न कडेला सुरू होतात. तुझी जाळी नैऋत्य कोपऱ्यावर वळते तिथे तिचं काय होतं? स्लॅबच्या समोरून जाते तिथे? खाली दाराशी येते तिथे, वर पॅरापेटला संपते तिथे? या चारही जागांची उत्तरं एकमेकांची नातेवाईक वाटली, की तिला सिस्टिम म्हणायचं. आज तुझ्याकडे यातलं एकही उत्तर नाही, कारण राइनोने जाळी कोपऱ्यावर सरळ छाटून टाकली आणि स्क्रीनवर ते खटकलं नाही.

तेव्हा उद्या सकाळी लॅपटॉप बंद ठेव आणि कोपरा काढ. हाताने, 1:5 ला, प्लॅनमध्ये. स्लॅबचा कोपरा, आतला कॉलम, पश्चिमेकडून येणारी फ्रेम, दक्षिणेकडून येणारी फ्रेम, काच, आणि तुझा बाहेरचा थर. पंधरा मिनिटांत लक्षात येईल की दोन्ही बाजूंचे थर एकाच जागेवर हक्क सांगताहेत. मग ठरवावं लागतं: एक बाजू पुढे जाऊ दे आणि दुसरी तिच्या पोटात संपू दे, की दोन्ही मागे घेऊन कोपरा मोकळा सोड, की कोपऱ्यासाठी वेगळा तुकडा कर. तिन्ही चालतात. पण जे ठरवशील त्यावरून तुझं मॉड्यूल, थराची खोली, ब्रॅकेटची जागा असं सगळं मागे मागे ठरत जातं. मधून सुरुवात करून कोपऱ्याशी पोचलं की उरलेलं 370 मिमी कुठे कोंबायचं हा प्रश्न येतो, आणि तो अगदी शेवटच्या रात्री येतो.

कोपऱ्याला इतकं महत्त्व देण्याचं दुसरंही कारण आहे. वाऱ्याचं ओढणं इमारतीच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर सगळ्यात जास्त असतं. आयएस 875 या (इमारतींवरच्या भारांच्या) भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, मुंबईसाठी 44. दाब काढायचं सूत्र सोपं आहे, वेगाच्या वर्गाला 0.6 ने गुणायचं. पुण्याचे साधारण 913 न्यूटन होतात, म्हणजे दर चौरस मीटरला 93 किलोच्या आसपास. उंची, परिसर वगैरेंचे गुणक त्यावर वेगळे, पण स्टुडिओत अंदाज बांधायला एवढं पुरे. लक्षात ठेवायचं ते हे की वारा नुसता ढकलत नाही, ओढतोही, आणि कोपऱ्यावर जास्त ओढतो.

मुंबईची कांचनजंगा इमारत कोपऱ्यावरून विचार कसा करावा हे शिकायला फार चांगली आहे. चार्ल्स कोरियांची, 1983 साली पूर्ण झालेली, 28 मजले, 32 घरं. मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण तिखट ऊन आणि पावसाची झड तिथूनच येते. जुन्या बंगल्यांनी खोल्यांभोवती व्हरांडा फिरवून हा पेच सोडवला होता. कोरियांनी तोच व्हरांडा उंच इमारतीत दुमजली गच्ची करून कोपऱ्यात बसवला. लांबून दिसणारी ती कोपऱ्यातली खोल पोकळी हेच तिचं हवामानाला दिलेलं उत्तर आहे. बाकीच्या भिंती साध्या राहिल्या तरी चालल्या.

आता तुझ्या पश्चिमेबद्दल. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. मेच्या सुरुवातीला सूर्याच्या घड्याळाने दुपारी चार वाजता (आपल्या घड्याळात साडेचार, कारण पुणं प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरंच पश्चिमेला आहे) सूर्य क्षितिजापासून जेमतेम 33 अंश वर असतो, आणि जवळजवळ नाकासमोर पश्चिमेला. मार्चच्या विषुवदिनी त्याच वेळी तो पश्चिमेच्या 10 अंश दक्षिणेला असतो. म्हणजे तापत्या तीन महिन्यांत ऊन तुझ्या भिंतीवर सरळ काटकोनात येतं. दीड मीटरची खिडकी आडव्या छज्ज्याने झाकायची तर छज्जा 2.3 मीटर बाहेर काढावा लागेल, आणि तासाभराने तोही पुरणार नाही.

जाळीचंही तसंच. जाळीत ऊन अडतं ते तिच्या खोलीमुळे. 100 मिमीचं छिद्र आणि 100 मिमी खोली असेल तर 33 अंशांचं ऊन छिद्राच्या उंचीतलं 65 टक्के कापलं जातं, खोली 150 केली तर जवळजवळ सगळं. जुन्या दगडी आणि विटांच्या जाळ्या काम करायच्या त्या अशा जाडीवर. तुझी छिद्रं 400 मिमी आणि शीट 4 मिमी. ती सावली देणार नाही, जमिनीवर नक्षी पाडेल, आणि वाचणाऱ्याच्या पुस्तकावर उन्हाचे ठिपके.

इथे मी तुला उभ्या फिनकडे, म्हणजे भिंतीबाहेर काढलेल्या उभ्या पात्यांकडे, वळायला सांगेन, पण भिंतीशी काटकोनातल्या नकोत. सरळ समोरून येणाऱ्या उन्हाला काटकोनातली फिन अडवतच नाही. अहमदाबादच्या मिल ओनर्स असोसिएशनच्या इमारतीत (1954) ल कॉर्बुझिएने पूर्वेच्या, नदीकडच्या फिन सरळ ठेवल्या आणि पश्चिमेच्या, रस्त्याकडच्या तिरक्या फिरवल्या. एकाच इमारतीत दोन बाजूंना दोन नियम, आणि दोन्ही सूर्याच्या हिशेबातून आलेले. तू 450 मिमी खोल फिन 45 अंशांत फिरवलीस तर ती भिंतीची साधारण 318 मिमी रुंदी झाकते. म्हणजे 300 मिमी अंतरावर फिन लावल्या की समोरचं ऊन बंद. तोंड वायव्येकडे उघडं ठेव. डिसेंबरात चार वाजता ऊन नैऋत्येकडून, पश्चिमेच्या 33 अंश दक्षिणेने येतं, तेही कापलं जाईल. पावसाळी वारा नैऋत्य-पश्चिमेकडचा, त्यालाही फिनची पाठ मिळेल. ही गणितं आधी हाताने कर आणि मग लेडीबगमध्ये (ग्रासहॉपरमधलं ऊन-हवामान तपासायचं साधन) हवामानाची फाइल घालून तपास. उलट क्रमाने केलंस तर फाइलमध्ये उत्तर दिशा चुकली तरी कळणार नाही. ज्युरीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कामाच्या परीक्षणाला, बसून मी नव्वद अंश फिरलेली उत्तर दिशा एकदा नव्हे, बऱ्याचदा पाहिली आहे. रंगीत नकाशे सुंदर होते आणि सगळे चुकीचे.

तुझी व्होरोनॉय अगदीच सोडायला नको. तिच्यातली जिवंत, न मोजता येणारी लय तुला आवडली आहे आणि ते खरंच आहे. फक्त ती तीनशे प्रकारांतून आणू नकोस. तीन प्रकारच्या फिन कर. बाहेरची कड तिन्हींची वेगळी कापलेली, पण 450 मिमीच्या आत जाणारी नको, नाहीतर वरचा उन्हाचा हिशेब मोडेल. वर-खाली अडकवायचा ब्रॅकेट तिन्हींना तोच. क्रम बदलत गेलीस की वीस फिनच्या गाळ्यात डोळ्याला पुनरावृत्ती सापडत नाही. फॅब्रिकेटरला मात्र तीनच ड्रॉइंग द्यावी लागतात.

शीटचा हिशेब याच टप्प्यावर करायचा. बाजारात सहज मिळणारी एसीपी शीट 1220 बाय 2440 ची. 450 खोल आणि 60 जाड पेटी-फिन उलगडली तर दोन बाजू 900, दोन कडा 120, आणि जोडायला 30-30 च्या दोन घड्या, एकूण 1080. एका शीटच्या रुंदीत बसली. कोणी म्हणालं "अजून खोल कर, 600 कर", तर उलगड 1380 होते आणि प्रत्येक फिनला उभा जोड येतो. लांबी 2440 असल्यामुळे तुझ्या 3.6 मीटर मजल्याला आडवा सांधा येणारच. तो लपवू नकोस, त्याची जागा ठरव. वाचणाऱ्याच्या नजरेच्या वर, सगळ्या फिनमध्ये एका रेषेत, किंवा मुद्दाम पायरीपायरीने. हाच सांधा तुझ्या फसाडची आडवी रेष होईल.

आता फिन स्लॅबला लागते कशी ते. काँक्रीटला अँकर फास्टनर, त्यावर ब्रॅकेट, ब्रॅकेटला फ्रेम, फ्रेमला फिन. 3.6 मीटरच्या एका फिनवर वाऱ्याचे दीडशे किलो सहज येतात, ते या साखळीतून स्लॅबपर्यंत पोचायला हवेत. विद्यार्थ्यांच्या ड्रॉइंगमध्ये ही साखळी बहुतेक वेळा एका काळ्या ठिपक्यात संपते. त्या ठिपक्याने मला जे शिकवलं ते सांगते.

सुरुवातीच्या वर्षांत मुंबईतल्या एका ऑफिस इमारतीवर होते. ड्रॉइंगमध्ये सगळ्या मजल्यांच्या स्लॅबची कड एका सरळ रेषेत होती. प्रत्यक्ष मोजमाप हातात येण्याआधीच ब्रॅकेट कापून साइटवर आले. गच्चीवरून पियानो वायर सोडली, खाली वजन बांधलं, वारा पडायची वाट बघत सकाळी सहाला एकेका मजल्यावर स्टीलपट्टी लावून अंतर वाचत गेले. तिसऱ्यावर ठीक. सहाव्यावर 15 मिमी बाहेर. नवव्यावर स्लॅब 38 मिमी बाहेर आलेला, आणि आमच्या ब्रॅकेटची खाच दोन्ही बाजूंना 25 मिमीच सरकणारी. त्या मजल्यावर फ्रेम उभी राहणंच शक्य नव्हतं. नवे ब्रॅकेट येईपर्यंत काम थांबलं. त्या दिवसापासून मी कुठल्याही सिस्टिममध्ये आधी बघते ते हे: आत-बाहेर, वर-खाली आणि डावी-उजवीकडे, तिन्ही दिशांना ती किती सरकू शकते. काँक्रीटवाल्याचा हिशेब सेंटिमीटरचा, ॲल्युमिनियमवाल्याचा मिलिमीटरचा. या दोघांची गाठ ब्रॅकेटच्या खाचेत पडते. 1:20 सोबत एक 1:5 चं मॉडेलही कर, त्यात ती लांबट खाच मला दिसली पाहिजे.

सरकायचं दुसरं कारण तापमान. ॲल्युमिनियम दर अंशाला, दर मीटरमागे सुमारे 0.024 मिमी वाढतं. जानेवारीतली पहाट आणि मेमधली उन्हात तापलेली पश्चिम बाजू यांत धातूच्या तापमानाचा फरक 50 अंश धरलास तर 3.6 मीटरची फिन 4 मिमीपेक्षा जास्त लांबते. वर घट्ट धर, खाली उभ्या खाचेत मोकळी सोड. दोन्ही टोकं आवळलीस तर ती वाकेल किंवा रात्री गार होताना कडकड वाजेल. वाचनालयात ते चालणार नाही.

मॉडेलबद्दल तू सगळ्यात जास्त विचारलं आहेस, म्हणून इथे थांबते.

डिजिटल मॉडेलमध्ये आधी फक्त रेषा: ग्रिड, स्लॅबच्या कडा, मजल्यांच्या पातळ्या. मग एक फिन नीट, ब्रॅकेटसकट, आणि तिचा ब्लॉक. बाकी सगळ्या त्याच ब्लॉकच्या प्रती. कोपरा, वरचं टोक, दारावरचा तुकडा यांचे वेगळे ब्लॉक आणि प्रत्येकाला नाव. मग मोजणी काढ, कुठला प्रकार किती नग. मोजणीत एकच नग असलेले प्रकार पाचाच्या पुढे गेले तर नियमात काहीतरी बिघडलं आहे, मागे जा. स्क्रूचे आटे तीनशे ठिकाणी मॉडेल करत बसू नकोस, फाइल मरेल.

हाताने करायच्या मॉडेलमध्ये मापाचा एक सापळा आहे. 3 मिमीचा सनबोर्ड 1:20 ला 60 मिमी जाड होतो. 4 मिमीची एसीपी 1:20 ला 0.2 मिमी, म्हणजे जाडसर कार्डशीट. तरी बहुतेक मुलं धातूची फिन 3 मिमी एमडीएफमधून (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) लेझर कट करतात. तुझी पेटी-फिन 60 जाड असल्याने बाहेरून ती माप जुळूनही जाईल, पण भरीव दिसेल, तिची घडी आणि पोकळी दिसणार नाही. ती कार्डशीटचीच कर, चाकूच्या पाठीने रेघ मारून घडी घाल. घडी घालताना हातालाच कळेल की कुठली कड आधी मिटते आणि कुठे बोट शिरत नाही. फॅब्रिकेटरला नेमकी तीच अडचण येते.

1:20 ला 10 मिमीची फट अर्धा मिमी होते, ती नुसती चाकूची रेघ. म्हणून 1:20 च्या मॉडेलकडून सांध्याची अपेक्षा करू नकोस. ते सावलीसाठी आणि प्रमाणासाठी. एक 6 मीटरचा गाळा घे, नैऋत्य कोपरा वळून दक्षिणेचे 3 मीटर, आणि दोन मजले. 300 मिमी रुंद, 360 उंच, बसमध्ये मांडीवर घेऊन जाता येईल एवढं. सांध्यासाठी वेगळं 1:5 चं, फक्त कोपरा आणि स्लॅबची कड. तिथे 10 ची फट 2 मिमी होते आणि खरी दिसते. लेझरवर एमडीएफ कापणार असलीस तर आधी एक पट्टी कापून खाच बसवून बघ. किरण स्वतः थोडी जाडी खातो आणि 3 मिमीचा बोर्ड क्वचितच बरोबर 3 असतो. काचेला 1 मिमी ॲक्रिलिक वापर. ट्रेसिंग पेपर लावलास तर आतला स्लॅब दिसत नाही, आणि संध्याकाळी आतला दिवा लागल्यावर स्लॅबची कड काचेमागे कशी दिसते हा फसाडचा अर्धा चेहरा असतो.

शेवटचं मॉडेल 1:1. घाबरू नकोस, फक्त 300 मिमीचा तुकडा: फिनचं खालचं टोक, ब्रॅकेट, आणि मागे पत्र्याची आडवी पट्टी. जवळच्या पत्राकाम करणाऱ्याकडून जीआय पत्रा वाकवून घे. कोर्टयार्डमध्ये टेकवून ठेव आणि झारीने वरून पाणी सोड. पुढे झुकून खालून बघ. पाणी कडेवरून सरळ खाली पडत नाही. ते कड ओलांडून खालच्या अंगाला चिकटतं, थेंब होऊन उलटं, भिंतीच्या दिशेने सरकत जातं आणि पहिला स्क्रू भेटला की तिथून आत शिरतं. आता पत्र्याची कड 10 मिमी खाली वाकवून घे आणि पुन्हा पाणी सोड. थेंब त्या वाकवलेल्या कडेवर येतो, लोंबकळतो, जड होतो आणि पडतो. आपल्या गवंड्यांनी छज्ज्याखाली खोबण ठेवली ती याचसाठी. कोकणात पावसाळ्याआधी पडवीला माडाच्या झापांचा आडोसा बांधतात, त्यातही झापाचा उतार बाहेर राखलेला असतो. हे दोन मिनिटांचं चित्रीकरण फोनवर करून ठेव आणि ज्युरीत दाखव.

आपल्याकडच्या फसाडला लागणाऱ्या काही गोष्टी परदेशी पुस्तकांत सापडत नाहीत. कबुतरं. फिनचं वरचं टोक सपाट ठेवलंस तर वर्षभरात घरटी होतील, तिथे उतार दे. एसीचे आउटडोअर युनिट कुठे बसणार ते तू नाही ठरवलंस तर दुसरं कोणी ठरवेल आणि तुझ्या फिन कापून ठरवेल. काच आणि फिन यांच्यामध्ये 600 मिमीची जाळीदार फळी ठेव, म्हणजे पुसायला माणूस उभा राहील. हलत्या फसाडचा मोह झाला तर पॅरिसच्या अरब संस्थेची दक्षिण बाजू अभ्यास (1987, ज्याँ नूव्हेल). उजेडाप्रमाणे उघडमीट करणाऱ्या झडपांची 240 पॅनेल, आणि पुढे त्यातली बरीच यंत्रणा बंद पडत गेली. त्याच्याशेजारी पुदुच्चेरीच्या अरविंद आश्रमाचं वसतिगृह, गोलकोंड, ठेव, अंतोनिन रेमंडचं. उत्तर-दक्षिणेच्या अख्ख्या भिंती आडव्या झडपांच्या, राहणारा माणूस हाताने फिरवतो.

आणि आग. तू एसीपी लिहिलं आहेस म्हणून हे सोडून पुढे जाता येत नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 ला लागलेल्या आगीत 72 माणसं गेली. बाहेरच्या पॅनेलच्या पोटात पॉलिइथिलीन होतं आणि मागच्या पोकळीतून आग वर चढत गेली. तुझ्या सेक्शनमध्ये प्रत्येक स्लॅबपाशी, काचेची फ्रेम आणि स्लॅब यांच्यामधली फट न जळणाऱ्या लोकरीने बंद केलेली दिसली पाहिजे, आणि शीटच्या नावापुढे गाभा कशाचा ते लिहिलेलं. पैसे कमी पडतात म्हणून नुसती एसीपी लिहू नकोस. साध्या घन ॲल्युमिनियम पत्र्यालाही घडी घालता येते.

प्रेझेंटेशनच्या शीटवर 1:20 चा सेक्शन आणि त्याला जोडूनच एलिव्हेशन, दोन्ही एका पातळीत लाव. रेंडर एक पुरे.

कार्डशीटचे बिघडलेले कोपरे टाकून देऊ नकोस. पेन्सिलने तारीख घालून ठेव आणि ज्युरीच्या दिवशी 1:5 च्या मॉडेलशेजारी ओळीने मांड. पहिला कोपरा आणि पाचवा कोपरा शेजारी शेजारी असले की सिस्टिम कुठून आली ते तुला बोलून सांगावं लागत नाही. अडलीस तर कोपऱ्याच्या प्लॅनचा फोटो काढून टाक, एलिव्हेशनचा नको. मी बघते.